आडाचं पाणी लाल करणारा शास्त्रज्ञ: अर्नेस्ट हॅन्किन

पावसाळा लागला की सातारा-सांगलीकडच्या गावांत एक माणूस विहिरींवर फिरताना दिसतो. हातात बादली, बादलीत पांढरी पावडर. हा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. त्या पावडरला गावात सगळे टीसीएल म्हणतात. तो पावडर कालवतो, विहिरीत सोडतो आणि पुढच्या विहिरीकडे जातो. आणि आपण मनात म्हणतो, झालं, पाणी शुद्ध झालं.

खरंच झालं का? हे बघायचं कसं?

भारतात विहिरी निर्जंतुक करण्याचा इतिहास उघडला की एक नाव लगेच समोर येतं: अर्नेस्ट हॅन्बरी हॅन्किन. गंगेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, हा प्रयोग त्यांचा. बॅक्टेरिओफाज म्हणजे जंतूंना खाणाऱ्या विषाणूंबद्दल कुठेही वाचा, पहिल्या एक-दोन परिच्छेदांत त्यांचं नाव येतंच. पण विहिरीवरचं त्यांचं काम फार कमी लोकांना माहीत आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे मला त्या कामातलं औषध जितकं भावतं, त्यापेक्षा जास्त त्यातली तपासणीची युक्ती भावते. आज तीच गोष्ट सांगते.

पटकीचे दिवस

कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणत. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत जायचा. गावोगावी मरीआईची देवळं आहेत ना, त्यामागे हीच भीती आहे. साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोग पुढे जाईल अशी समजूत. उपाय दुसरा नव्हताच.

लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरांनी १८५४ मध्येच दाखवून दिलं होतं, की ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाचं पाणी पिणाऱ्यांनाच कॉलरा होतोय. पुढे रॉबर्ट कॉख हे जर्मन शास्त्रज्ञ थेट कलकत्त्याला आले आणि १८८४ मध्ये त्यांना तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. म्हणजे रोग पाण्यातून येतो, याचा पुरावा भारतातच मिळाला होता.

तरीही भारतातले बरेच इंग्रज आरोग्य अधिकारी हे मानायला तयार नव्हते. हवा खराब असते, जमिनीतून दूषित वाफा निघतात, ऋतू बदलतो म्हणून साथ येते, असं त्यांचं म्हणणं. पाणी हेच कारण मानलं, तर प्रत्येक गावाच्या पाण्याची जबाबदारी सरकारवर येणार होती. आणि ती खर्चाची गोष्ट होती.

अशा वेळी हॅन्किन भारतात आले.

केंब्रिजमधून आग्र्याला

हॅन्किन यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८६५ चा, इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यातल्या वेअर या गावी. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. शिक्षण लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेत, मग सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात. १८९० मध्ये ते त्या कॉलेजचे फेलो झाले. तेव्हा ते अवघे पंचविशीचे होते.

जंतुशास्त्र हे तेव्हा अगदी नवं क्षेत्र होतं. आज एआयकडे जशी हुशार पोरं वळतात, तसा तो काळ. या क्षेत्राची दोन मोठी घराणी होती, बर्लिनमध्ये कॉख आणि पॅरिसमध्ये पाश्चर. हॅन्किन दोन्हीकडे शिकून आले. अँथ्रॅक्स या रोगाच्या प्रतिकारशक्तीवरचं त्यांचं काम तेव्हाच छापून आलं होतं. युरोपात राहिले असते तर करिअर सेट होतं.

पण १८९२ मध्ये त्यांनी भारतातली नोकरी घेतली. हुद्दा लांबलचक होता: रासायनिक परीक्षक, सरकारी विश्लेषक आणि जंतुशास्त्रज्ञ. मुक्काम आग्र्याला, आणि कामाचा पसारा आजचा उत्तर प्रदेश, पंजाब आणि मध्य प्रांत एवढा. मध्य प्रांत म्हटलं की त्यात आपलं नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर हेही आलं.

काम काय, तर पोलिसांकडून विषबाधेच्या संशयाचे नमुने येणार, ते तपासायचे. रक्ताचे डाग तपासायचे. आणि साथ आली की तिचं कारण शोधायचं. एका माणसाने अर्ध्या उत्तर हिंदुस्थानची प्रयोगशाळा सांभाळायची, असला प्रकार.

१८९३ मध्ये वाल्देमार हाफकिन हे कॉलऱ्याची लस घेऊन भारतात आले. तेच हाफकिन, ज्यांच्या नावाची संस्था मुंबईत परळला आहे. त्यांच्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या लसीकरणांपैकी काही लसीकरण आग्र्यात झालं, हॅन्किन यांच्या मदतीने. म्हणजे कॉलऱ्याशी लढायच्या दोन वाटा एकाच गावात सुरू होत्या. एक वाट माणसाला वाचवायची, दुसरी पाण्याला. हॅन्किन यांचा भर पाण्यावर होता. लष्करी छावण्यांत कॉलऱ्याशी कसं लढायचं, यावर त्यांनी १८९५ मध्ये एक पुस्तकही काढलं.

नदीत जंतू मरतो, विहिरीत जगतो

आता त्यांचा गाजलेला प्रयोग. आग्र्याला यमुना वाहते. त्या काळी या नद्यांत लोक अंघोळ करत, कपडे धूत, प्रेतंही सोडत. या हिशेबाने नदीकाठची सगळी गावं कॉलऱ्याने साफ व्हायला हवी होती. पण तसं होत नव्हतं. का?

हॅन्किन यांनी गंगा-यमुनेचं पाणी घेतलं आणि त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले. न उकळलेल्या गंगेच्या पाण्यात ते तीन तासांच्या आत मेले. तेच पाणी आधी उकळून घेतलं तर मात्र हा गुण दिसेना. १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

नदीच्या पाण्यात नेमकं काय होतं? उकळल्यावर गुण जातो, म्हणजे उडून जाणारं एखादं द्रव्य असावं, असा त्यांचा अंदाज होता. पुढे १९१७ मध्ये फेलिक्स देरेल यांनी बॅक्टेरिओफाज हे नाव रूढ केल्यावर, हॅन्किन यांना बहुधा हेच दिसलं असावं, असं अनेकांनी म्हटलं. आजचे काही अभ्यासक त्यावर शंकाही घेतात. तो वाद चालू राहू दे.

या लेखासाठी महत्त्वाचा आहे त्याच निबंधातला दुसरा निष्कर्ष, ज्याकडे कुणी बघत नाही. विहिरीचं पाणी या जंतूला मस्त मानवतं, असं हॅन्किन यांना दिसलं. पाणी गाळून घेतलं तरीही.

जरा थांबून याचा अर्थ लक्षात घ्या. नदीचं पाणी गढूळ, वाहतं, डोळ्याला घाण दिसणारं. विहिरीचं पाणी नितळ, गार, गोड. माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवणार आणि विहिरीचंच पाणी पिणार. आणि जंतूला घर मिळालंय नेमकं तिथे.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. कॉलऱ्याच्या बाबतीत उलटंही खरं आहे. जे पोहऱ्याला लागलं, ते आडात जाणार. आजाऱ्याचे कपडे धुतलेल्या हातांनी दोर धरला, पोहरा जमिनीवर टेकवला, तोच पुन्हा आडात सोडला. दहा घरं एका आडावर पाणी भरत असतील, तर दहाही घरं एकाच सर्व्हरला जोडलेली आहेत असं समजा. एका घरातून व्हायरस शिरला की सगळ्यांकडे पोचला.

लाल रंगाची युक्ती

मग करायचं काय? पाणी उकळा, हा सल्ला सोपा आहे. पण रोज दहा माणसांचं पाणी उकळायला सरपण कुठून आणणार? छावणीतल्या सैनिकांना हुकूम देता येतो, गावाला देता येत नाही. हॅन्किन यांनी विचार केला, की घरोघरी पाणी शुद्ध करण्याऐवजी विहिरीतच शुद्ध करू.

त्यांनी निवडलं पोटॅशियम परमँगनेट. जांभळे, चकाकणारे बारीक खडे. पाण्यात पडले की गडद गुलाबी-जांभळा रंग सुटतो. ते स्वस्त, कुठेही नेता येण्यासारखं आणि त्या प्रमाणात माणसाला अपाय न करणारं होतं. आमच्या आजीच्या पिढीतली माणसं विहिरीतल्या लाल औषधाबद्दल बोलतात, ते हेच. काही जण नुसतं पोटॅशही म्हणतात.

पद्धत अशी होती. विहिरीतून एक बादली पाणी काढायचं. त्यात खडे टाकून ढवळायचं. वरचं लाल पाणी विहिरीत ओतायचं आणि तळाशी न विरघळलेले खडे राहिले असतील तर पुन्हा पाणी घेऊन विरघळवायचे. मग पोहरा खाली-वर करून सगळं पाणी नीट मिसळायचं. हे शक्यतो संध्याकाळी, म्हणजे रात्रभर औषधाला वेळ मिळतो.

आता खरी गंमत. किती टाकायचं? प्रत्येक विहीर वेगळी. कुणाची खोल, कुणाची रुंद, कुणाच्या विहिरीत पालापाचोळा जास्त. गावातल्या माणसाकडे ना वजनकाटा, ना प्रयोगशाळा.

उत्तर रंगातच होतं. परमँगनेट समोर येईल त्या घाणीला जाळत जातं. शास्त्रीय भाषेत ऑक्सिडेशन. हे काम करताना ते स्वतः संपतं आणि त्याचा रंग जातो, मागे तपकिरी गाळ उरतो. म्हणजे लाल रंग पटकन उडाला तर समजायचं, घाण जास्त आहे, औषध कमी पडलंय, आणखी टाका. फिकट गुलाबी रंग तासन् तास टिकला तर समजायचं, घाणीला पुरून औषध उरलंय.

हे मला फार भारी वाटतं. आपण ॲप बनवतो तेव्हा बटण दाबल्यावर काहीतरी दिसलंच पाहिजे, असा आग्रह असतो. पेमेंट झालं की हिरवी टिक हवी. नुसतं पैसे कट झाले आणि स्क्रीन पांढरी राहिली तर माणूस घाबरतो. इथे विहीर स्वतःच सांगत होती, की काम झालं की नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते कळत होतं. आणि पाणी लाल दिसतंय तोवर ते कुणी पीत नसे, म्हणजे औषधाला लागणारा वेळही आपोआप मिळे.

ब्रिटिश काळातल्या आरोग्य खात्यात साथीच्या वेळी विहिरींत परमँगनेट टाकणं हे पुढे कित्येक वर्षं नेहमीचं काम होऊन बसलं.

लाल औषध मागे का पडलं?

आता दुसरी बाजू. आजची सार्वजनिक आरोग्याची पाठ्यपुस्तकं पिण्याच्या पाण्यासाठी परमँगनेट वापरू नका असं सांगतात. कारण कॉलऱ्याचा जंतू तसा नाजूक आहे, तो यात मरतो. पण विषमज्वर, हगवण अशा बाकीच्या जंतूंवर याचा भरवसा नाही. शिवाय पाण्याचा रंग, वास, चव बदलते.

त्याची जागा घेतली क्लोरीनने. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचाच प्रकार. नावातला टी हा ट्रॉपिकल या शब्दाचा, कारण साधी ब्लीचिंग पावडर उष्ण हवेत लवकर खराब होते आणि ही जरा टिकते. ती पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. ते जंतूच्या भिंतीतून आत शिरतं आणि आतली यंत्रणाच मोडतं.

औषध जास्त चांगलं आलं, यात वाद नाही. पण एक गोष्ट हरवली. क्लोरीनला रंग नाही. पावडर टाकल्यावर पाणी जसं होतं तसंच दिसतं. पुरेसं पडलं की कमी पडलं, पावडरमध्ये दम होता की ती आधीच उडून गेली होती, काही कळत नाही. हॅन्किन यांच्या लाल विहिरीने जे फुकट दिलं होतं, ते आता वेगळं मागून घ्यावं लागतं. ते कसं मागायचं, हे शेवटी सांगते. आधी त्यांची गोष्ट पूर्ण करू.

प्लेग, घारी आणि जाळीदार नक्षी

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हॅन्किन त्या संशोधनातही उतरले आणि उंदीर व कीटक यांचा प्लेगशी काय संबंध, यावर त्यांनी १८९७ मध्ये टिपण लिहिलं. ही साथ पुढे पुणे, सातारा, कराडपर्यंत पोचली. नायगावच्या, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्याच सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला पुण्यात गेल्या. साथीचं कारण कळायला उशीर झाला की किंमत कोण मोजतं, हे यातून कळतं.

हॅन्किन हा माणूस एका विषयात मावणारा नव्हता. आग्र्याच्या आकाशात घारी आणि गिधाडं पंख न हलवता तासन् तास कशी तरंगतात, याच्या त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. विमानाचा शोध नुकताच लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. त्यातून १९१३ मध्ये प्राण्यांच्या उड्डाणावरचं त्यांचं पुस्तक आलं.

फतेहपूर सिक्रीच्या एका जुन्या हमामखान्यात त्यांना गिलाव्यावर पुसट ओरखडे दिसले. बाकीच्यांनी ते ओरखडे म्हणून सोडून दिले असते. हॅन्किन यांनी ओळखलं, की या कारागिराने नक्षी काढण्याआधी आखलेल्या मूळ रेषा आहेत. त्यावरून मोगल इमारतींवरची किचकट भौमितिक नक्षी कशी रचत असत, याची रीत त्यांनी उलगडली. भारतीय पुरातत्त्व खात्याने ते काम १९२५ मध्ये छापलं. आजही संगणकावर अशी नक्षी काढणारे लोक त्या रीतीचा आधार घेतात. आमच्या भाषेत याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात.

तज्ज्ञांची बुद्धी कुठे तोकडी पडते, यावरही त्यांनी एक पुस्तक लिहिलं. स्वतः तज्ज्ञ असून हा विषय घेणं सोपं नाही. पण विहिरीच्या कामात तीच दृष्टी दिसते. तज्ज्ञ कायम विहिरीवर बसणार नाही, म्हणून विहिरीवरच्या माणसाला स्वतः बघता आलं पाहिजे.

तीस वर्षांची नोकरी करून १९२२ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि २९ मार्च १९३९ ला ब्रायटन इथे वारले.

त्यांच्या हयातीतच विहिरीच्या कथेला आणखी एक वळण मिळालं होतं. १९२० च्या दशकाच्या शेवटी देरेल पंजाबात आले आणि त्यांनी कॉलरा असलेल्या गावांतल्या विहिरींत औषधाऐवजी चक्क बॅक्टेरिओफाज सोडून पाहिले. गंगेच्या पाण्यातलं कोडं आणि विहिरीतला उपाय, दोन्ही धागे तिथे एकत्र आले.

आता आपल्या आडाकडे या

हे सगळं जुनं झालं, आता घरोघरी नळ आहेत, असं वाटत असेल तर कृष्णाकाठच्या माणसाला विचारा. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कराडला तिला कोयना मिळते आणि पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या पुढे गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पूर म्हणजे नदी, गटार, उकिरडा, शौचालयाचा खड्डा हे सगळं एक होऊन तुमच्या आडात उतरतं. पाणी ओसरतं, चार दिवसांत आड नितळ दिसायला लागतो. जंतू तिथेच असतात.

पूर नसला तरी आपली जमीन काळ्या खडकाची. बेसॉल्टला भेगा असतात आणि भेगेतून पाणी न गाळता सरळ वाहत येतं. त्यामुळे शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब असावा असं सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हाही सगळ्यांची नजर आधी नांदेड गावच्या विहिरीवरच गेली होती.

तर घरच्या आडाचा हिशेब असा करा. मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

१. दोराला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. आडाची रुंदी, म्हणजे व्यास मोजा. दोन्ही मीटरमध्ये.

२. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४. आलेल्या आकड्याला १००० ने गुणा. हे झालं पाणी लिटरमध्ये. समजा व्यास ३ मीटर, खोली ४ मीटर, तर पाणी साधारण २८,२६० लिटर.

३. चांगल्या पावडरचं प्रमाण १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम. म्हणजे वरच्या आडाला ७० ग्रॅमच्या आसपास. चांगली म्हणजे जिच्यात २५ टक्के क्लोरीन अजून शिल्लक आहे अशी. उघड्या पोत्यातली, दमट पावडर याच्या निम्मंही काम करत नाही. पावडर कोरड्या, अंधाऱ्या जागी झाकण लावून ठेवा.

४. प्लास्टिकच्या बादलीत आधी पातळ लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. ५ ते १० मिनिटं ठेवा. चुना तळाशी बसेल. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. चुना आडात टाकू नका, त्याने पाणी जड होतं.

५. ती बादली पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवा. मग किमान एक तास कुणी पाणी काढायचं नाही. रात्री पाणी भरून झाल्यावर हे केलेलं बरं.

हातमोजे घाला, नाकातोंडाला रुमाल बांधा. पावडरमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी वायू निघतो. पुराचं पाणी शिरलं असेल तर एवढ्यावर भागत नाही. आधी पूर्ण उपसा, गाळ काढणे, भिंती घासणे, मग जास्त मात्रा, पुन्हा उपसा, असा क्रम असतो. ते ग्रामपंचायत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माणसांकडूनच करून घ्या. आणि आडात एकट्याने उतरू नका.

रोज पावडर टाकणं जमत नसेल तर नागपूरच्या नीरी या संस्थेने सुधारलेली दुहेरी मडक्याची पद्धत आहे. एकात एक अशी दोन मडकी, दोन्हींना एक-एक सेंटिमीटरचं भोक. आतल्या मडक्यात १ किलो ब्लीचिंग पावडर आणि २ किलो जाडसर वाळू, ओलसर करून. बाहेरच्या मडक्याचं तोंड प्लास्टिकने बांधून हे पाण्याच्या पातळीखाली मीटरभर सोडायचं. क्लोरीन हळूहळू झिरपत राहतो. साधारण ४,५०० लिटरच्या छोट्या घरगुती आडाला हे दोन ते तीन आठवडे पुरतं.

आणि आता रंग मागा

इथे हॅन्किन परत येतात. पावडर टाकून तासभर झाला की ओटी टेस्ट करा. नळीत आडाचं पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन उरलाय. रंगपट्टीशी जुळवून बघा, विहिरीत तासाभराने लिटरला ०.५ मिलिग्रॅम असला पाहिजे. पाणी बिनरंगी राहिलं तर सरळ अर्थ, घाणीने सगळा क्लोरीन खाल्ला किंवा पावडरच मेलेली होती. पुन्हा टाका, पुन्हा तपासा. तपासलेलं पाणी फेकून द्या, ते पिऊ नका. डीपीडी नावाची दुसरी टेस्ट असते, तिच्यात रंग गुलाबी येतो. हॅन्किन यांच्या विहिरीसारखा.

जंतू आहेत का हे वेगळं बघायचं तर एचटूएसची छोटी बाटली मिळते. पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. काळी पडली तर पाणी दूषित.

एक गोष्ट मात्र कोणतीच पावडर करत नाही. बाहेरून घाण यायची वाट ती बंद करत नाही. कठडा फुटला असेल, भोवतीचा ओटा खचला असेल, सांडलेलं पाणी परत आडात मुरत असेल, तर तुम्ही दर आठवड्याला औषध ओतत राहाल आणि जंतू दर आठवड्याला परत येतील. कठडा बांधा, झाकण टाका, शक्य असेल तर पोहरा काढून पंप बसवा.

जलसुरक्षक पुढच्या वेळी आला की त्याला नुसतं पावडर टाकली का, एवढंच विचारू नका. ओटीची नळी मागा आणि रंग स्वतः बघा. त्याच्याकडे ती असते. घरात फोन हाताळणारे तुम्हीच असाल, तर आडाचं माप, तारीख आणि रंग नोट्समध्ये लिहून ठेवा. त्यावरून पुढच्या पावसाळ्यात तुमचा आड किती पावडर खातो, हे तुम्हाला आधीच कळेल.